वाढव

कराडच्या तांबट आळीत हेमलताबाईंचं भांड्यांचं दुकान होतं, आणि त्या ते कधीच बंद करत नसत. त्या ते वाढवत. बाई जुन्या वळणाच्या. 'बंद' हा शब्दच त्यांना अशुभ वाटे. संध्याकाळी फळ्या लावताना त्या आत तोंड करून म्हणत, "सखा, दुकान वाढव रे," आणि दिवे-पंखे गपगुमान विझत.

सखा म्हणजे बोललेलं ऐकून काम करणारं, भिंतीवरचं बशीएवढं यंत्र. लेकीनं, मृणालनं, ते वडिलांसाठी बसवलं होतं. जन्मभर भट्टीचा धूर खाऊन दामूअण्णांची छाती निकामी झाली होती, आणि मागच्या खोलीतलं प्राणवायूचं मशीन आता सखा सांभाळी.

मृणाल पुण्यात अशाच यंत्रांच्या सुरक्षेचं काम करी. संगीताच्या आड शब्द लपवता येतात, हे तिला ठाऊक होतं. माणसाला ऐकू येते नुसती खरखर, यंत्राला मात्र स्पष्ट हुकूम. म्हणून तिनं 'बंद', 'थांब', 'कमी' या शब्दांना कुलूप घातलं. परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय ते चालत नसत. 'वाढव' तेवढा मोकळा ठेवला. धाप लागलेल्या माणसाला परवलीचा शब्द कुठून आठवणार? यंत्राला हाकही मारावी लागू नये आणि खोलीत नुसतं 'वाढव' म्हटलं तरी ते आधी मशीनला लागू व्हावं, ही सोयही तिचीच. पोरगी हुशार होती, पण आईची भाषा विसरली.

मंगळवारी दुपारी हेमलताबाई बाहेर गिऱ्हाईकाला घंगाळ दाखवत होत्या. आत अण्णा टीव्ही बघता बघता डुलकी घेत होते. तासाभरानं त्या चहा घेऊन गेल्या, तेव्हा मशीनची घरघर थांबलेली होती. अण्णा गेले होते.

तिसऱ्या दिवशी मृणालनं सख्यातल्या नोंदी उघडल्या. 'आदेश: वाढव. पाळला.' त्या वेळी टीव्हीवर चहापत्तीची जाहिरात चालू होती. आपली जाहिरात लागली की घरोघरी टीव्हीचा आवाज चढावा, एवढ्यासाठी कुणीतरी त्या संगीताखाली हा शब्द पुरला होता. अण्णांना मारावं असं कुणाच्या मनातही नव्हतं.

पण मग हवा वाढायची सोडून थांबली कशी? ती मागच्या नोंदी चाळत गेली. रोज सकाळी अण्णांना सिलिंडर लावून आई मशीनची जाळी धुवायला काढी. "मशीन वाढव," म्हणे. हवा आणखी जोरात सुटे. "मेल्या, वाढव म्हणते ना!" असं म्हणत आई हातानं बटण दाबी. बाराव्या दिवशी सखा शिकला. तेराव्या दिवशी बटण दाबावं लागलं नाही, आणि त्या संध्याकाळपासून 'दुकान वाढव' म्हटलं की दिवे-पंखेही आपोआप विझू लागले.

मृणालनं सखा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "यंत्रात दोष नाही, मॅडम. घरच्यांनी शिकवलं तसं ते शिकलं. तपासणी होईपर्यंत सखा चालूच ठेवा."

"काय झालं होतं गं?" आईनं विचारलं.

"मशीन बिघडलं, आई," प्राणवायूच्या मशीनची वायर भिंतीतून काढत मृणाल म्हणाली.

वडील गेले ते गेले. आई तरी या ओझ्याखाली जाऊ नये, एवढंच आता तिच्या हाती उरलं होतं.

दुपारी शेजारच्या अनसूयाकाकू आल्या. मागच्या खोलीत आईजवळ बसून थोडा वेळ रडल्या, मग पदरानं डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "हेमा, एक राहिलंय बघ. बांगड्या वाढव आता."

"काकू, ते काही नको," म्हणत मृणाल उठली, तोवर भिंतीवर निळा दिवा लागला.

"प्राणवायूचं मशीन सापडलं नाही," सखा अदबीनं म्हणाला. "हेमलताबाईंनी शिकवल्याप्रमाणे, वाढव म्हणजे बंद कर. काय बंद करू?"

आईनं त्या दिव्याकडे बघितलं. मग तिनं लेकीकडे मान वळवली.

"मृणाल, हा काय म्हणतोय गं? मी शिकवलं?"