पैलवानाच्या पोटातली साखर

पैलवान समोरच्या खुर्चीत बसला आणि खुर्ची कुरकुरली नाही, म्हणून भावजींना त्याला ओळखायला जरा वेळ लागला. गेली कित्येक वर्षं ते याच माणसाच्या बसने वाचनालयात जात होते. तेव्हा त्याचं पोट स्टिअरिंगला टेकायचं. आता खाकी शर्ट त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता.

"पन्नास किलो गेले," तो म्हणाला. "आता नोकरी जातेय."

सकाळचे नऊ वाजले होते. बारा वाजता डेपो मॅनेजरसमोर त्याची सुनावणी होती. तिथे उलट निकाल लागला, तर पैलवानाच्या हातातलं स्टिअरिंग कायमचं सुटणार आणि उरलेली वर्षं तो भांडारात टायर मोजत बसणार होता.

बाईंनी त्याला पाणी दिलं. बाई म्हणजे भावजींची मेहुणी. खासगी तपास हा त्यांचा धंदा. त्याआधी वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली होती, त्यामुळे समोरचा रडत असला तरी त्या आधी त्याच्या चपला बघत. भावजी निवृत्त गणिताचे शिक्षक. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते लगेच आलं पाहिजे, असा त्यांचा स्वभाव होता.

पैलवानाने सांगितलं ते असं. सात महिन्यांपूर्वी त्याचं वजन उतरवण्याचं ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी मुठीएवढी ठेवून पुढचं आतडं तिलाच जोडलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की, साखरेच्या वाटेला जायचं नाही. गेलात तर अर्ध्या तासाच्या आत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा आणि डोळ्यांपुढे अंधार. दोन महिन्यांपूर्वी तो कामावर परतला. गाडी सुरळीत चालली होती. पण गेल्या सोमवारी, मग गुरुवारी आणि परत या सोमवारी, तिन्ही वेळा सहा-पन्नासची बस डेपोच्या फाटकाशी आणताच त्याला हे सगळं झालं. तिन्ही वेळा बस दुसऱ्याने नेली.

"आणि साखर?" बाईंनी विचारलं.

"एक दाणा नाही."

डेपोच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की, लक्षणं चोरून साखर खाल्ल्याची आहेत. ज्याला स्वतःच्या जिभेला ब्रेक लावता येत नाही, त्याच्या ताब्यात पन्नास माणसं कशी द्यायची, असा मुद्दा होता. सगळ्यात वाईट म्हणजे काल रात्री जेवताना त्याची बायको म्हणाली होती, "खरं काय ते सांगून टाका. मी रागावणार नाही." पैलवान हे सांगताना खिडकीकडे बघत होता.

भावजींनी लगेच आईवर बोट ठेवलं. मुलगा सुकला म्हणून आई डब्यात काहीतरी घालत असणार. बाई म्हणाल्या, आईचा डबा रोज येतो आणि झटका रोज येत नाही. शिवाय डबा उघडतो दहा वाजता. भावजींनी बोट मागे घेतलं.

"सहा-पन्नासच्या आधी पोटात काय जातं?" बाईंनी विचारलं.

"घरी एक उकडलेलं अंडं. डेपोत सव्वासहानंतर कँटीनचा चहा. बिनसाखरेचा, स्वीटनरच्या गोळ्या घातलेला. रोजचाच." पैलवानाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "कँटीनवाल्या वहिनींच्या हाताचंही काही कळत नाही. एखाद्या दिवशी चहा असा जमतो की दुसरा कप मागावासा वाटतो. एरवी नुसतं औषध."

बाई उठल्या आणि त्यांनी छत्री घेतली. भावजींना चहाच्या टीकेत काही दिसलं नाही.

डेपोत सगळ्यात आधी भेटला रेडिओ. हा धाकटा ड्रायव्हर. तोंड बंद नसतं म्हणून हे नाव. तिन्ही दिवशी पैलवानाची बस यानेच नेली होती आणि सहा-पन्नासचा तो सोपा, सरळ मार्ग त्याला हवा होता, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं.

"हवाय म्हणजे हवाय," रेडिओ म्हणाला. "पण म्हणून पैलवानदादाला साखर चारू? माणूस झोपेतून उठून येतो कसा ते मला विचारा."

हजेरीच्या यंत्रात त्याचा अंगठा तिन्ही दिवशी सहा पंचेचाळीसला उमटला होता. भावजींनी त्याचं नाव आणि तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. गुन्हेगार सापडल्यावर ते अशाच रेघा ओढत.

कँटीन म्हणजे पत्र्याच्या छपराखाली चार बाकं आणि एक ओटा. ओट्यावर दोन किटल्या होत्या. लाल झाकणाची सगळ्यांसाठी आणि निळ्या झाकणाची बिनसाखरेची. लाल किटली पाण्याच्या थाळीत उभी होती, निळी नुसती फडक्यावर. वहिनी निळ्या किटलीभोवतीच्या मुंग्या फडक्याने झटकत होत्या. भावजींनी तिथेच कोपर टेकलं आणि दोन मुंग्या त्यांच्या बाहीत शिरल्या.

वहिनींनी सांगितलं की निळी किटली मुळात त्यांच्या नवऱ्यासाठी. नवरा म्हणजे डेपोचा कंट्रोलर. त्याला मधुमेह. दोन आठवड्यांपूर्वी तो बिस्किटं खाताना सापडला, तेव्हापासून बिस्किटांच्या कपाटाला कुलूप आणि साखरेचा डबा वहिनींच्या पिशवीत. आता त्याने चहा प्यायचा तो निळ्या किटलीचाच आणि तोही त्यांच्या डोळ्यांसमोर. तो चहा पिणारे डेपोत दोघेच, नवरा आणि पैलवान.

"तुम्ही नाही पीत?"

"त्या गोळ्यांची कडवट चव मला जन्मात नको."

सव्वासहाला दुधाची गाडी फाटकाशी येते, तेव्हा पाच मिनिटं त्या जातात, किटल्यांकडे ज्याची पाळी असेल त्या कंट्रोलरला लक्ष ठेवायला सांगून. एवढं ऐकून बाईंनी निळ्या किटलीतला चहा मागितला, दोन घोट घेतले आणि छान झालाय म्हणाल्या. वहिनींचा विश्वास बसला नाही.

कंट्रोलर आपल्या काचेच्या खोलीत होता. गोल, नीटनेटका, बोलताना समोरच्याच्या पोटाकडे बघणारा माणूस. सोमवारी आणि गुरुवारी त्याची सकाळपाळी, बाकी दिवशी दुपारची. पैलवानाबद्दलचा अहवाल त्यानेच लिहिला होता आणि त्याला वाईट वाटतंय, हे त्याने तीनदा सांगितलं.

"संयम लागतो, बाई. मी बघा, दोन आठवडे साखरेला शिवलो नाही. तरी रक्तातली साखर खाली येत नाही, उलट चढलीय. पण मी तक्रार करतो का?"

बाईंनी सहानुभूतीने मान हलवली.

शेवटी मॅनेजर. तिने अहवालासोबतचं पाकीट उघडून टेबलावर पुरावा ठेवला. साखरेच्या पाच रिकाम्या पुड्या, हॉटेलांत मिळतात तशा कागदी. सोमवारी झाडूवाल्या मावशींना त्या कँटीनमागच्या टोपलीत सापडल्या होत्या.

"यापुढे काय राहिलं?" मॅनेजर म्हणाली.

बाईंनी पुड्या एकीवर एक रचल्या. पाचही एकाच तिरप्या रेषेत फाटलेल्या होत्या आणि एकीचा दातरा काठ दुसरीशी तंतोतंत जुळत होता. भावजींना वाटलं, आता आपली केस गेली. त्यांनी रेडिओच्या नावाखालच्या रेघांकडे जड मनाने पाहिलं.

बारा वाजता मॅनेजरच्या खोलीत दाटी झाली. पैलवान भिंतीशी उभा. त्याची बायको दाराजवळच्या खुर्चीत, पदर बोटाला गुंडाळत. रेडिओ, कंट्रोलर आणि बाईंच्या सांगण्यावरून निळी किटली घेऊन आलेल्या वहिनी.

"डॉक्टरांचं बरोबर आहे," बाईंनी सुरुवात केली. "पैलवानाच्या पोटात तिन्ही दिवशी साखर गेली."

पैलवानाच्या बायकोने डोळे मिटले.

"पण ती खाल्ली कोणी आणि घातली कोणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या पुड्या बघा. चोरून साखर खाणारा एक पुडी फोडतो, तोंडात रिकामी करतो, चव घेतो, मग दुसरी. या पाचही एकत्र धरून एका हिसड्यात फाडल्यात. असं करतो तो घाईत असतो आणि त्याला साखर ओतायची असते. कशात तरी."

कंट्रोलर म्हणाला की, हा तर्क झाला. बाई म्हणाल्या, हो, आणि तो अजून संपायचाय.

"लाल किटलीखाली पाण्याची थाळी असते, मुंग्यांसाठी. निळीला ती कधी लागली नाही, कारण स्वीटनरकडे मुंगी ढुंकून बघत नाही. आज तिथल्या मुंग्या आमच्या भावजींच्या बाहीत होत्या. पैलवान सांगतो, काही दिवशी चहा फार छान होतो. काही दिवशी म्हणजे कोणत्या, हे त्याने मोजलं नाही. मी त्याला आठवायला लावलं. सोमवारी आणि गुरुवारी."

भावजींनी रेडिओकडे पाहिलं. बाईंनी ते पाहिलं.

"नाही, भावजी. हा सहा पंचेचाळीसला येतो. चहा तोवर पैलवानाच्या पोटात गेलेला असतो. आणि पैलवानाला पाडायचं कोणाच्या मनातच नव्हतं. गंमत तीच आहे. सव्वासहाला दूध आणायला वहिनी जातात. निळ्या किटलीशी एकटा माणूस उरतो. दोन आठवड्यांपूर्वी त्याची बिस्किटं बंद झाली, साखरेचा डबा पिशवीत गेला. बायकोच्या डोळ्यांसमोर निळ्या किटलीचाच चहा प्यायचा. मग त्याने ठरवलं की, असाच पिऊ, फक्त निळी किटली गोड करू. बायको तो चहा तोंडात घेत नाही, त्यामुळे पकडणार कोण? संयमाचा संयम आणि गोडाचं गोड. फक्त रक्त खोटं बोलेना. ते चढतच राहिलं."

कंट्रोलरच्या कपाळावर घाम आला होता.

"आज गुरुवार," बाई म्हणाल्या. "वहिनी, एक घोट घ्या."

वहिनींनी कपात चहा ओतला. कडवट चवीची तयारी ठेवून त्यांनी तोंड आधीच वाकडं केलं होतं. घोट घेतला आणि तोंड सरळ झालं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हा माझा चहा नाही," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "पैलवान पहिल्यांदा पडला तेव्हा तुम्हाला कळलं नसेल, मान्य. सोमवारी तिसऱ्यांदा पडला तेव्हाही?"

कंट्रोलरने सांगितलं की सोमवारी शंका आली होती. पण बोलायचं म्हणजे स्वतःचंही सांगावं लागलं असतं. पुड्या सापडल्यावर सगळे पैलवानाचंच नाव घ्यायला लागले, मग अहवाल लिहिणं सोपं झालं. आणि आज सकाळी पैलवान कामावर नव्हता, तेव्हा त्याने मोकळ्या मनाने पाचाऐवजी सहा पुड्या घातल्या होत्या.

"संयम लागतो," रेडिओ भिंतीला सांगावं तसं म्हणाला.

मॅनेजरने अहवाल उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. पैलवान कामावर रुजू, आजपासून. कंट्रोलरची चौकशी, उद्यापासून. तोवर आज पाळी त्याचीच होती आणि बारा-चाळीसची बस बाहेर काढायच्या कागदावर सही त्याचीच लागत होती.

त्याने ती पैलवानासमोर उभं राहून केली. काहीतरी पुटपुटला. पैलवानाने कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीही ते ऑपरेशन करून घ्या. मग चोरी करायला पोटच साथ देत नाही." रेडिओ आडवा होऊन हसला, आणि वहिनींच्या तोंडावरही, कितीही आवरलं तरी, ते हसू आलंच.

पैलवानाची बायको मात्र अजून खुर्चीतच होती. नवरा जवळ आल्यावर ती म्हणाली, "मी काल जे बोलले…"

"उशीर होतोय," तो म्हणाला. "येतेस का?"

तिला कुठेच जायचं नव्हतं. ती पुढच्या दारातून चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीपाशी बसली. बारा-चाळीसला एक मिनिट कमी असताना पैलवानाने आरसा नीट केला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि भरलेली बस फाटकातून बाहेर काढून थेट मोठ्या रस्त्याला लावली. फाटकाशी ती थांबली नाही. भावजींनी वही काढून रेडिओचं नाव, आकडा आणि दोन्ही रेघा, सगळं खोडून टाकलं. बाई तोवर रस्त्याच्या वळणावर वळणाऱ्या बसला हात हलवत होत्या, आणि बसमधून हॉर्नचे दोन लांब, ठणठणीत आवाज आले.