वरच्या खोलीचा डेटा

विनताची ऑनलाइन शिकवणी त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनापर्यंत पोहोचली की पडद्यावर ती स्वतःच गोठायची, आणि बहुतेक वेळा तोंड उघडं असताना. त्या दुपारीही तसंच झालं. ती उठली, जिन्यातल्या राउटरपाशी गेली, तो बंद करायला हात पुढे केला... आणि वरून आणखी एक हात आला.

हात नव्या भाडेकरूचा होता. नाव अंबरीश, इंदूरच्या कुठल्याशा दलालासाठी घरूनच शेअरबाजाराचे अहवाल लिहितो, एवढं वडिलांनी सांगितलं होतं. बोटं थंड आहेत, हे सांगितलं नव्हतं.

"तुमचंही बंद?" त्यानं विचारलं.

"बंद नाही, मेलंय. महिना अर्धा नाही झाला अन् सगळा डेटा संपला. तुम्ही यायच्या आधी महिनाभर पुरत होता."

"सॉरी जी."

"सॉरीनं स्पीड वाढते का?"

"नाही. पण माझ्याकडे दुसरं काही नाही."

हे तो इतक्या थकलेल्या प्रामाणिकपणे म्हणाला, की तिला भांडता येईना. भांडायलाही समोरच्याची थोडी मदत लागते.

नव्या महिन्याचा डेटा आला, तशी ती वर गेली. हातात मटरांची परात होती. थंडीत जबलपूरच्या या रांझी भागात कोणी कोणाकडे बसायला गेलं, तर मटर सोलतच बसतं. त्याच्या कॉम्प्युटरवर कुठला प्रोग्राम किती डेटा खातो, ते तिनं उघडून पाहिलं. सगळ्यात वर बाजारभावाचं सॉफ्टवेअर होतं. बाकीच्यांची उपासमार चालली होती.

"तुम्ही लिहिता किती शेअर्सवर?"

"आठ-दहा."

"अन् हे भाव कितींचे आणून राहिलं?"

"सगळ्यांचे." तो ओशाळला. "म्हटलं, राहू दे... कधी कोण वर जाईल, काय सांगावं."

"आमच्या आत्याचं असंच. जबलपूर ते नागपूर, माझ्यासाठी सगळी स्थळं बघून ठेवते. वर्षं झाली."

"मग?"

"मग काय. डेटा संपला."

तो हसला. हसताना त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा जात नसे, फक्त थोडा बाजूला सरकून बसे.

मग ती शेअर्सच्या यादीतलं एकेक नाव वाचू लागली, तो काढू लागला. मधे एका नावापाशी त्याचा हात थांबला.

"हा राहू द्या ना..."

"याच्यावर कधी लिहिलं काही?"

"नाही. पण खूप दिवसांपासून बघून राहिलो याला."

"नुसतं बघून काय होते?" ती म्हणाली — आणि मग दोघंही उगाचच मटर सोलत बसले.

सॉफ्टवेअर रोज सकाळी सगळे जुने भावही नव्यानं उतरवत होतं. तेही तिनं थांबवलं. रोज बाजार बंद झाला की ती खर्च किती झाला ते बघायला वर जाऊ लागली. आकडा आठवड्याभरात उतरला. ती जातच राहिली. भय्यासाहेबांना, म्हणजे वडिलांना, ती "तपासणी" सांगायची. फॅक्टरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या शब्दाचा फार आदर.

त्या आदरापोटीच एका संध्याकाळी ते म्हणाले, "विनू, तुझी कटकट मिटवली. वरच्यासाठी वेगळं कनेक्शन सांगून आलो. परवा वायरवाला येईल."

"बरं झालं," ती म्हणाली.

झालं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी वडिलांना नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि तिच्याकडचं कारण आकड्यात मांडता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वर गेलीच नाही.

वायरवाला आला. वरून त्याचा आवाज ऐकू आला, "भैया, छेद कहाँ करना है?" पण ड्रिल सुरूच झालं नाही. मग दोन माणसांची पावलं जिना उतरली; एक फाटकाबाहेर गेली, दुसरी तिच्या दाराशी थांबली.

"विनताजी, मी त्याला परत पाठवलं."

"काहून?"

"डेटा कमी लागतो आता. एकातच भागते."

"हे बाबांना सांगणार?"

"हे त्यांना. तुम्हाला..." तो चौकटीकडे बघत राहिला. "वेगळं झालं तर तुम्ही बघायला येणार नाही. काल आला नाहीत. बाजार बंद झाला, अन् मी... तसाच बसून राहिलो."

तिला छान काहीतरी बोलायचं होतं. पण सकाळपासून चार वर्ग झाले होते, घशात जीव नव्हता. म्हणून ती खरं बोलली.

"सवय मोडून पाहत होते. नाही मोडली."

अंगणातून भय्यासाहेबांचा आवाज आला, "अरे, वायरवाला परत काहून गेला?"

अंबरीशनं तोंड उघडलं. विनतानं हातानंच त्याला थांबवलं आणि ती अंगणात गेली.

"बाबा, वेगळं कनेक्शन नको. मला अंबरीश आवडतो."

भय्यासाहेबांनी पेपर खाली केला. तिच्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं, आणि पेपरची घडी शिस्तीत घातली.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे चांगला भाडेकरू गेला हातचा."