गव्हावरची ज्वारी

गिरणीतलं पीठ ज्या कापडी नळीतून डब्यात पडतं, तिला आतून आधीच्या दळणाचं पीठ चिकटून राहतं. तनुजा त्या नळीकडेच बघत होती.

"गव्हावर माझी ज्वारी टाकू नका," ती म्हणाली.

नांदेडातल्या त्या गिरणीचा मालक नवा होता. कंधारचा भागवत... पापण्यांवरसुद्धा पीठ.

"चिमूटभर गहू गेला तर काय व्हतंय, मॅडम? लई सोवळ्याची दिसती तुमची ज्वारी!"

रांगेतल्या बायका हसल्या.

"सोवळं नाही," तनुजा म्हणाली, "आतडं."

मग वर्गात जीवशास्त्र शिकवावं तसं तिनं शांतपणे सांगितलं. गव्हातल्या एका प्रथिनानं तिच्या आतड्याचं अस्तर झिजतं. सीलिॲक म्हणतात त्याला. औषध नाही, गहू सोडायचा, जन्मभर. ज्वारी, भात, डाळी, केळी चालतात. गव्हाची चिमूट मात्र नाही.

बोलून झाल्यावर तिला आईचं सांगणं आठवलं. लग्न जमेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं.

भागवतनं तिचा डबा तसाच परत दिला. "आज नका दळू. रविवारी या."

रविवारी कोपऱ्यातली बंद पडलेली दुसरी गिरणी धुऊनपुसून चालू झाली होती. वर खडूनं लिहिलेलं — इथं गहू बंद.

"हे कुणासाठी?"

"गिऱ्हाइकांसाठी."

"किती आहेत अशी?"

"सध्या एकच हाय... पण ती रोज येत न्हाई, हीच पंचाईत."

"ज्वारी काही रोज दळायची नसते."

"मग थोडी थोडी आणत जावा की!"

पुढच्या वेळी तनुजाचा डबा निम्माच भरला होता, एवढंच.

उन्हाळा सरता सरता पीठ डब्यात ओतताना तो हळूच म्हणाला, "आमच्या घरी भाकरीच असती, मॅडम... रोज. इचार करून सांगा."

"बघू," ती म्हणाली. त्या 'बघू'वर पावसाळा गेला, दिवाळी गेली. भागवतनं पुन्हा विचारलं नाही. तिला हो म्हणायचं होतं. पण हो म्हणायचं तर आईसमोर उभं राहावं लागणार होतं.

मग लातूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. आईनं साजूक तुपातला शिरा केला. मुलाच्या आईनं, सौदामिनीबाईंनी, चमचा भरून तनुजाच्या ओठांशी आणला.

"तोंड गोड कर, पोरी. पसंत आहेस आम्हाला."

दारातून आईचे डोळे विनवत होते — एकच घास...

तनुजानं चमचा बाजूला केला. "मला गहू चालत नाही. रवाही नाही. आजार आहे, आयुष्यभराचा."

सौदामिनीबाईच आधी सावरल्या. "अगं, असं काही नसतं. आमच्याकडं आलीस की थोडं थोडं खायचं. होते सवय."

"सवय मला नाही, तुम्हाला करावी लागली असती," तनुजा म्हणाली. "राहू द्या. उगाच तसदी नको."

पाहुणे उठून गेले. आईनं पदर डोळ्यांना लावला. "काय केलंस हे? आता कोण करणार गं तुझ्याशी लग्न?"

"तेच सांगायला निघालेय," म्हणत तिनं चपला घातल्या.

गिरणी धडधडत होती. बायकांची रांग होती. जरीची साडी बघून भागवत गोंधळला.

"दळण कुठाय?"

"आणलं नाही."

"मग...?"

"तुम्ही विचारलं होतं. उत्तर राहिलं होतं."

त्याच्या हातातलं माप हातातच राहिलं. कान लाल झाले. "मॅडम... हळू. बाया ऐकून राहिल्यात."

"ऐकू द्या," तनुजा म्हणाली, आणि गिरणीच्या धडधडीच्या वर आवाज चढवून बोलली, "मी तुमच्याशी लग्न करणार आहे, भागवत."