मास्तरांचं बुद्धिबळ

चष्म्याचा नंबर तपासायला टेलरबाई दवाखान्यात गेल्या, तर समोरच्या जिन्यावर मास्तर!

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. दोघांचंही हे दुसरं लग्न, तेही साठीच्या उंबरठ्यावर. कोटाची बाही आखूड करायला आलेले मास्तर टेलरबाईंच्या दुकानातून हललेच नाहीत, असं गल्ली अजून हसून सांगायची.

पण मास्तर तर मित्राकडे बुद्धिबळ खेळायला गेले होते ना? मग सोबत ही बाई कोण? आखूड केस, ऐटबाज चाल... आणि मास्तर तिच्याशी मान खाली घालून, चक्क लाजत बोलत होते.

टेलरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. गेले काही महिने मास्तर बाहेरच्या खोलीत झोपायचे. "मी घोरतो गं," म्हणे! जवळ गेलं की काहीतरी निमित्त काढून उठायचे. आता लागली संगती...

दोघं एका खोलीत शिरले. दार लागलं. टेलरबाईंनी ते सरळ ढकललं.

"काय, रंगलाय का डाव?"

मास्तर पांढरेफटक पडले. ती बाई मात्र हसली. "या, या! मी यांची डॉक्टर. बायकोला घेऊन या म्हणून केव्हाची मागे लागलेय. सांगू ना, मास्तर?"

मास्तरांनी भिंतीकडे बघत होकारार्थी मान हलवली.

"यांची साखर वाढलीय. त्याने नसांवर, रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो. त्यात रक्तदाबाची गोळी, त्यात मनाला घोर. मग इच्छा असूनही शरीर साथ देत नाही. इलाज आहे, फक्त गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही."

टेलरबाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला वाटलं... तुमचं मन उडालं माझ्यावरून."

"मला वाटलं, तुझं उडालं. मी जवळ आलो की अंग चोरायचीस..."

टेलरबाईंचे कान तापले. "अहो, दुखायचं मला — म्हणून."

"पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, त्याने दुखतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावरही औषध आहे."

बाहेर औषधांच्या खिडकीपाशी दोघं बाकावर टेकले.

"मला सांगता येत नव्हतं होय?"

"भीती वाटली. एवढ्या उशिरा तू भेटलीस... हसशील, सोडून जाशील."

"हसेन तर नक्कीच," टेलरबाई म्हणाल्या, "पण जाणार कुठे?" आणि त्यांनी मास्तरांच्या बोटांत बोटं गुंफली.

"अगं, लोक बघतायत..."

"बघू देत," त्या म्हणाल्या, आणि आणखी जवळ सरकल्या.