शेवटच्याने फाटक लावावे

या सायकलफेरीत कोणाचा किती फायदा होता ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंडावर फेकायला नको.

सगळ्यात जास्त फायदा माझा. दादा परत आला नाही तेव्हापासून मी वहिनीच्या घरी मुक्काम ठोकून होते. ती खिडकीतल्या खुर्चीत बसायची आणि मी तिला जेवायला उठवायची. दुसऱ्या शहरात नोकरीची चांगली जागा माझी वाट पाहत होती. वहिनी खुर्चीतून उठली की मी सुटले.

वहिनीचा फायदा असा की, रिकामा रस्ता एकदा डोळ्यांनी पाहिला की मन ऐकतं, असं म्हणतात. आणि मिस्त्रीचा फायदा तो सांगत नव्हता आणि मी विचारत नव्हते. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, दादाचा जुना दोस्त. वहिनीची सायकल दोन वर्षं कोणी चालवली नव्हती, तरी तिच्या साखळीला तेल कधी कमी पडलं नाही. त्या तेलामागचं कारण न कळायला मी काही दूधखुळी नाही.

दादाचा फायदा मी धरलाच नव्हता. हिशेब तिथेच चुकला.

रस्ता आमचा नेहमीचाच. नदीच्या काठाने खडीची वाट जाते, मग पूल ओलांडून टेकड्यांवर चढते. टेकड्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षबागांच्या. तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी, इतक्या सरळ की बाजूने सायकल चालवताना त्या पुस्तकाच्या पानांसारख्या उलटत जातात. चाकाखाली खडी सतत करकरते, त्यामुळे मागचा माणूस कानांना कळतच नाही. म्हणून आमचा नियम होता. फाटा आला की पुढच्याने थांबायचं. मागचा वळणावर दिसला की हात वर करायचा, त्यानेही हात वर केला की निघायचं. तो मग त्याच्या मागच्यासाठी थांबतो. बागांमध्ये गुरं शिरू नयेत म्हणून वाटेत फाटकं आहेत. त्यांच्यावर पत्र्याची पाटी असते: शेवटच्याने फाटक लावावे.

शेवटचा कायम दादा. हळू चालवायचा म्हणून नव्हे, सगळं बघत यायचा म्हणून. फाटकाची कडी घातली की तिच्यावर बोटाने दोनदा वाजवायचा. टक टक. लागलं, असं फाटकाला सांगायचा म्हणे.

तो हरवला त्या दिवशी मी नव्हते. पुढे मिस्त्री, मग वहिनी, मग दादा. वरच्या फाट्यावर, पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी, वहिनी थांबली. खालच्या वळणावर दादा दिसला. तिने हात वर केला, त्याने केला, ती निघाली. तो आला नाही. नदी गाळून झाली, बागा पालथ्या घातल्या. सायकलसुद्धा मिळाली नाही.

"मी नियमाप्रमाणे निघाले," एवढंच वहिनी म्हणायची. कोणी काही विचारलेलं नसताना म्हणायची.

आणि एका सकाळी तीच म्हणाली, "एकदा जाऊ या."

आम्ही दुपार कलायच्या आधी निघालो. बागांची तोडणी झाली होती, पानं तांबूस पडली होती, हवेत आंबूस गोड वास. पुढे मिस्त्री, मध्ये वहिनी, शेवटी मी.

"हिशेबनीसबाई, दमलात तर सांगा!" वहिनी ओरडली. मी औषधांच्या गोदामात साठा तपासते, म्हणून हे नाव.

"दमायला काय झालं? मी तुझी धूळ मोजतेय!"

ती हसली. दोन वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं.

पहिलं फाटक मी लावलं. दुसऱ्या फाटकापाशी मात्र वहिनी थांबलेली होती. मी कडीला हात घातला तशी म्हणाली, "राहू दे उघडं."

"पाटी वाच की. शेवटच्याने लावावे."

"तेच म्हणतेय."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून आपले ब्रेक तपासले. ते ब्रेक त्यानेच सकाळी बसवले होते.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही चढ चढू लागलो. जरा वर गेल्यावर मिस्त्री पाणी प्यायला थांबला, आम्हीही थांबलो, खडीची करकर बंद झाली. खाली कडी पडल्याचा आवाज आला.

"वारा आहे," मी म्हणाले.

वेलीचं पान हलत नव्हतं.

आणि मग, अगदी बारीक, टक टक.

मिस्त्रीच्या बाटलीतलं पाणी त्याच्या हनुवटीवरून ओघळत राहिलं. वहिनी मात्र खुळ्यासारखी आनंदली होती. आम्ही तसेच सायकलींवर चढलो. बोललं असतं तर ते खरं झालं असतं.

पुढच्या फाट्यावर ती माझ्यासाठी थांबली होती. मी वळणावर आले, तिने हात वर केला, मी केला. आता तिने निघायचं. ती निघाली नाही. मी तिच्यापर्यंत पोचेतो तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि तिने पुन्हा हात वर केला.

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा. उन्हात धूळ तरंगत होती. पण ती माझीही असू शकते.

"वहिनी, कोणाला हात केलास?"

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी आता शेवटची."

"हे बघ, वेडेपणा पुरे. आपण परत फिरू."

"अगं, दोन वर्षं तू माझ्या मागे बसलीस. आता जरा पुढे हो." तिने माझ्या हेल्मेटचा पट्टा नीट केला, लहान मुलीचा करावा तसा. "सुटलीस बघ."

मिस्त्रीही पुढे न जाता तिथेच ऐकत उभा होता. "वहिनी," तो म्हणाला आणि पुढचं त्याला सुचलं नाही. बिचाऱ्याला कधीच सुचलं नव्हतं.

"तुम्ही फार तेल घालता हो," ती त्याला म्हणाली, अगदी मायेने. "साखळी धूळ धरते."

म्हणजे तिला ठाऊक होतं.

पंपाच्या खोलीपाशी मी थांबले. मिस्त्री पुढे गेला होता. खाली नदीवर ऊन चमकत होतं. वहिनी खालच्या वळणावर आली. तिने हात वर केला.

मी हात वर केला. पण निघाले नाही. नियम पाळून काय झालं ते मला माहीत होतं, आणि एकच चूक घरात दोनदा होऊ द्यायची नाही हे मी निघतानाच ठरवलं होतं.

ती वळणावरच थांबली. एक पाय खाली टेकला. मान वळवून मागे कोणाशी तरी बोलली. आपण नेहमीच्या माणसाशी बोलतो तसं, अर्धवट, हसत.

मग माझ्याकडे पाहून ओरडली, "जा गं तू! आलोच आम्ही!"

आम्ही.

मी सायकल उलटी फिरवली. उतारावर खडीत चाक घसरलं, मी तोल सावरला. तेवढ्यापुरतीच नजर खाली गेली.

वळणावर कोणी नव्हतं.

धुळीत चाकांच्या खुणा होत्या. तिची एक. तिला लागून दुसरी, शेजारी, सोबतीने चालवावं तशी.

फाटकापर्यंत मी उतरले. फाटक लागलेलं होतं.

पुढचं सगळं पहिल्यासारखंच झालं. नदी, बागा, प्रश्न. "तुम्ही त्यांना शेवटचं कुठे पाहिलं?" असं विचारल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी नियमाप्रमाणे थांबले होते." त्या वाक्याचा काही उपयोग नसतो हे मला तेव्हा कळलं.

आता मी आणि मिस्त्री दोघेच जातो. तो पुढे, मी शेवटी. मला पुढे जायचं नाही. पुढच्यालाच मागचे दिसतात. मी शेवटची आहे तोवर मला फक्त रिकामा रस्ता दिसतो, आणि रिकामा रस्ता दिसतो आहे तोवर मी घरी परत येते. पण एखाद्या चढावर पाय जड होतात, पाठीवर ऊन येतं, आणि वाटतं, म्हणावं एकदा मिस्त्रीला, आज तू हो शेवटी.

परवा पंपाच्या खोलीपाशी तो थांबला होता. मी वळणावर आले. त्याने हात वर केला, मी केला. मी त्याच्यापाशी पोचले तरी तो माझ्या मागे पाहतच होता. त्याने हात पुन्हा वर केला. मग थोड्या वेळाने आणखी एकदा. त्याचे डोळे भरले होते.

"चला ताई," तो म्हणाला. "सगळे आले."

मी वळून पाहिलं नाही. मी विचारलंही नाही की ती कशी दिसते. पुढचं फाटक आम्ही उघडंच ठेवलं आणि जरा वर जाऊन, न ठरवता, दोघेही थांबलो.

कडी पडली. टक टक.

आणि मग, जरा हलक्या हाताने, पुन्हा टक टक.

तर हिशेब असा. दादाला सोबत मिळाली. वहिनीला दादा मिळाला. मिस्त्रीला फाट्यावर उभं राहून तिला हात करायला मिळतो, तेवढ्यावर तो जगतो. दुसऱ्या शहरातली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

खिडकीतली खुर्ची माझ्या वाट्याला आली. बसायला बरी आहे. तिथून घराचं फाटक दिसतं. ते मी उघडं ठेवते.