खालच्या रांगेतले फोटो

तळवड्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर अजिमचं फ्लेक्सचं दुकान आहे. खाली मशीन, वर बिऱ्हाड. आमच्या या पट्ट्यात फ्लेक्सवाल्याला उसंत म्हणून कशी ती नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या बैलांनी शर्यतीच्या घाटात नंबर काढला, की लागलाच चौकात फ्लेक्स. आणि माणूस गेला तर विचारूच नका. तिरडी बांधून व्हायच्या आत फोटो अजिमच्या मोबाइलवर येऊन पडलेला असतो.

त्याची बायको रुबीना मोठी हसरी. जेवायला हाक मारायला खाली आली की मशीनमधून सरकत येणाऱ्या तोंडांकडे बघत म्हणायची, "अहो, अख्ख्या गावाचे फोटो छापता, माझा कधी छापणार?"

"तुझा छापायला तू काय सरपंच आहेस?"

"फ्लेक्सवाल्याची बायको आहे, तेवढं पुरे नाही का?"

अशी थट्टा रोजचीच. अजिम हसून सोडून द्यायचा. पुढं हीच थट्टा अंगावर येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

फेब्रुवारी लागला आणि एका सकाळी जयसिंग दुकानाची पायरी चढला. डोळे सुजलेले. "अजिमभाऊ, चुलते गेले राव."

चुलते म्हणजे दादासाहेब, गावाचे जुने सरपंच. कंपन्या आल्या तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं साहेबांशी भांडलेला माणूस. सगळा गाव त्यांना मानायचा. जयसिंग म्हणाला, "मोठा फ्लेक्स पाहिजे. दुपारच्या आत चौकात लागला पाहिजे."

घाई झाली की अजिम एक करायचा, जे या धंद्यात सगळेच करतात. गेल्या साली त्याच माणसाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केलेला असतो. तोच उघडायचा, शुभेच्छांच्या जागी श्रद्धांजली घालायची, फुगे काढून समई ठेवायची, मोठा फोटो काळापांढरा करायचा. झालं काम. त्या दिवशी त्यानं तेच केलं. फक्त खालच्या रांगेकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

खालच्या रांगेत दादासाहेबांचे तिघं मित्र होते. तालमीचे वस्ताद रंगराव, हायस्कूलचे हेडमास्तर श्रीपाद सर आणि अजिमचे वडील मीरासाहेब. या रस्त्यावरचं पहिलं गॅरेज मीरासाहेबांचं. त्यांनी हात लावला की मेलेलं इंजिन बोलायला लागतं, असं नाशिकपर्यंतचे ट्रकवाले सांगायचे. चौघं मित्र रोज संध्याकाळी गॅरेजच्या बाकावर बसायचे. आधीच्या एका वाढदिवसाला जिलबी खाताना काढलेले ते फोटो, त्यात तिघंही तोंडभर हसत होते.

फ्लेक्स उलगडला आणि जयसिंग किंचाळलाच. "अरे भावा, मयताच्या फ्लेक्सवर हे तिघं दात काढतायत! लोक जोड्यानं मारतील मला!"

अजिमनं कानाला हात लावला आणि गंभीर चेहऱ्यांचे फोटो टाकून दुसरा छापून दिला. पहिला राहिला गुंडाळून कोपऱ्यात.

आता वरच्या मजल्यावर मीरासाहेबांची खोली रस्त्याच्या अंगाला. गॅलरीत उघडणारं तिचं दार वाळवीनं खाल्लं म्हणून काढून टाकलेलं, आणि तिथून कंटेनरची धूळ दिवसभर आत यायची. म्हाताऱ्याचा खोकला काही हटेना. अजिमनं तो फुकट गेलेला फ्लेक्स दाराच्या चौकटीला पडद्यासारखा ठोकला. छापलेली बाजू मात्र आत घेतली. रस्त्यावरून दादासाहेबांच्या घरच्यांना दिसलं, की त्यांच्या माणसाचा पडदा केलाय, तर बरं दिसलं नसतं.

रुबीनाला ते मुळीच आवडलं नाही. "गेलेल्या माणसाला कुणी घरात टांगतं का? तेही अब्बांच्या खाटेसमोर?"

"जाड माल आहे. फेकून देऊ? धूळ तर थांबली ना?"

धूळ थांबली. खोकलाही थांबला. मीरासाहेब खाटेवर पडल्या पडल्या समोर बघत राहायचे. वर दादासाहेबांचा मोठा चेहरा आणि खाली, बरोबर खाटेच्या उंचीला, हसणारे तिघं. कधी कधी म्हातारा हळूच काहीतरी पुटपुटायचा. अजिमला वाटायचं, जुन्या दोस्ताची सोबत होतेय, होऊ दे.

आठवडाही झाला नसेल. रंगराव वस्ताद अंघोळ करून ओट्यावर ऊन खात बसले, ते उठलेच नाहीत. अजिमनं त्यांचाही फ्लेक्स केला. संध्याकाळी तो अब्बांना औषध द्यायला वर गेला. खोलीत ताज्या शाईचा वास भरला होता. मशीनच्या शाईचा तो उग्र वास अजिमच्या नाकात मुरलेला, पण तो वरच्या मजल्यावर कधी येत नसे. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा हात थबकला.

खालच्या रांगेत रंगरावांची जागा पांढरी होती.

खरवडलेली नाही, फाटलेली नाही. छापलंच नव्हतं, अशी कोरी. अजिमनं अंगठ्यानं घासून पाहिलं. शाई हलकी असली की उन्हानं उडते, हे त्याला ठाऊक होतं. पण उडते ती अशी? एकाच माणसाची?

"अब्बा, इथला फोटो..."

"रंगराव गेला न्हवं? मग हितं कशाला थांबंल?" मीरासाहेब म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

अजिम औषधाची बाटली ठेवून खाली आला. गावात चर्चा वेगळीच चालू होती. हा महिनाच वाईट, मोठी माणसं उचलायला लागलाय, असं लोक पारावर बसून म्हणत होते. अजिम मनाशी म्हणाला, महिना एकदाचा सरू दे.

मग एका दुपारचा प्रसंग. अजिम ताट घेऊन वर आला, तर पुन्हा तोच वास. मीरासाहेब उठून बसले होते.

"आज श्रीपाद हसत न्हाई," ते म्हणाले.

अजिमनं ताट खाटेवर ठेवलं आणि तो पडद्याकडे वळला. श्रीपाद सरांच्या जागी चष्म्याची एक काडी तेवढी उरली होती. त्याच्या डोळ्यांदेखत तीही पांढऱ्यात विरघळली. त्यानं लगेच सरांच्या घरी फोन लावला. सरांनी स्वतःच उचलला. खणखणीत आवाज, नेहमीसारखी चौकशी. अजिमला हायसं वाटलं. त्याला स्वतःचंच हसू आलं. ताट रिकामं व्हायच्या आत खालून जयसिंगची हाक आली, "अजिमभाऊ, खाली या. श्रीपाद सर गेले... फोनजवळच पडले म्हणे."

आता रांगेत दोन कोऱ्या जागा होत्या आणि शेवटी मीरासाहेब. पांढरी टोपी, हातात जिलबी, तोंडभर हसू.

अजिमचं काळीज हललं. आई त्याच्या लहानपणीच गेलेली. या माणसानं ग्रीस लागलेल्या हातांनी भाकरी थापून त्याला वाढवलं होतं. अब्बांशिवाय तो रस्ता, ते घर त्याला डोळ्यांपुढं आणवेना. त्यानं स्टूल घेतलं आणि पडद्याचे वरचे दोन खिळे उपटले. फ्लेक्स एका बाजूनं खाली लोंबला मात्र, आणि मीरासाहेबांचा श्वास अडकला. डोळे वर गेले, ओठ निळे पडले, हात हवेत काहीतरी धरू बघत होते.

"लावा तो! आधी लावा!" रुबीना दारातून ओरडली.

त्यानं खिळे जागेवर ठोकले. म्हाताऱ्याच्या छातीत हवा शिरली, चेहरा निवळला. डॉक्टर येऊन गेले. वय झालंय, जपा, याखेरीज त्यांना काही सापडलं नाही. रुबीनानं त्या दिवसापासून थट्टा केली नाही. पडद्याकडे पाठ करूनच ती सासऱ्याला भरवायची. अजिम दुकान सोडून तासातासाला वर यायचा, अब्बांकडे पाहायच्या आधी फोटोकडे पाहायचा. फोटो हसत असायचा. की झालं, पुन्हा खाली.

महिन्यातला शेवटचा गुरुवार. एमआयडीसीतल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी, वीज बंद, रस्त्यावर गाड्या तुरळक. एरवी दिवसरात्र घरघरणारा तो पट्टा अगदी गप्प झाला होता. मशीन बंद होतं, म्हणून अजिम जिन्यातच बसून होता. आणि त्याला वास आला. ताज्या शाईचा. मशीन सकाळपासून बंद असताना.

तो धावत वर गेला. दुपारचं ऊन फ्लेक्सच्या मागून येत होतं आणि सगळं चित्र आतून पेटल्यासारखं दिसत होतं. दादासाहेबांचा चेहरा वर तसाच. खाली मीरासाहेबांच्या फोटोतली टोपी दिसत नव्हती. कपाळही पुसट होत चाललं होतं. खाटेवर म्हातारा छतापलीकडे बघत पडला होता, श्वास लांब लांब.

"अब्बा... अब्बा, माझ्याकडे बघा!"

"आलो... आलो रे, थांब," मीरासाहेब म्हणाले. पण ते अजिमला नव्हतं.

पडदा काढता येत नव्हता. ठेवता येत नव्हता. अजिमच्या खिशात दुकानातला कटर होता. फोटोतले डोळे पुसट होऊ लागले तसा तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं फोटोच्या कडेनं सरळ चार रेघा मारल्या. फ्लेक्सचा चौकोन सुटून त्याच्या मुठीत आला. मुठीतल्या चेहऱ्यावर हसू अजून शिल्लक होतं.

खाटेवर मीरासाहेबांनी खोल श्वास घेतला. मग आणखी एक. त्यांच्या गालांवर रंग आला. त्यांनी मान वळवली, लेकाला ओळखलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अजिम, चहा सांग रे. घसा सुकला पार."

अजिमला रडूच कोसळलं. वाचले, अब्बा वाचले! म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून तो हुंदके देत राहिला.

पडद्यापलीकडे गॅलरीत रुबीना बादलीपाशी बसून कपडे पिळत होती. रडणं ऐकून ती घाबरली असावी. मग सासऱ्याचा खणखणीत आवाज तिनंही ऐकला, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू फुटलं. ती बसल्या बसल्याच पुढं वाकली आणि कापलेल्या चौकोनातून तिनं आत तोंड घातलं.

"अहो, ठीक आहेत ना अब्बा?" तिनं विचारलं, आणि आपण कुठून डोकावतोय ते ध्यानात येऊन तिचे डोळे चमकले. "बघा! आला की नाही शेवटी माझा फोटो?"

दोन कोऱ्या जागांशेजारी तिचा चेहरा बरोबर चौकोनात बसला होता. तोंडभर हसू. अजिमही रडता रडता हसला.

"पुरे झाला चावटपणा. जा, अब्बांना चहा टाक."

बादली सरकल्याचा आवाज झाला. ओल्या पावलांनी ती गॅलरीतून स्वयंपाकघराकडे गेली. तिकडचं दार वाजलं, भांडं वाजलं. अजिमनं डोळे पुसले. पडलेला कटर उचलायला तो वाकला, तेव्हा खोलीत पुन्हा तो वास दाटला.

त्यानं वर पाहिलं.

चौकोनात रुबीना हसत होती.

"रुबीना, गंमत नको..." तो म्हणाला.

"अहो, साखर संपत आलीय हां!" स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

अजिमनं हात पुढं केला. बोट आरपार जायला हवं होतं, गॅलरीतल्या वाऱ्याला लागायला हवं होतं. ते उन्हानं तापलेल्या गुळगुळीत फ्लेक्सला टेकलं. तिथं भोक नव्हतं. कापल्याची खूणही नव्हती. त्यानं बोट मागं घेतलं, तर बोटाला तिच्या ओढणीचा हिरवा रंग लागला होता. शाई अजून ओली होती.

"अहो, ऐकताय ना?" रुबीनानं आतून पुन्हा हाक मारली.

खाटेवर मीरासाहेब त्या फोटोकडे टक लावून बघत होते. महिना अजून संपला नव्हता.