हसनाबादहून फर्माईश

माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘उषा’ आहे आणि सेवापुस्तकात ‘उषाबाई’. इतकी वर्षं मास्तरकी केली, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मागच्या वर्षी मात्र कार्यालयातल्या बाबूंनी ते शोधून काढलं आणि म्हणाले, मूळ शाळेचं पत्र आणा. म्हणून मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी जालन्याहून हसनाबादला गेले. चौतीस वर्षांनी.

राजूरपर्यंत बस मिळाली, पुढे काळीपिवळी जीप. जीपवाल्याने गाणी लावली होती, नव्वद-एक्क्याण्णव सालातली. मागे माझ्याच वयाचे दोन गृहस्थ बसले होते. एक म्हणाला, “काय दिवस व्हते राव! हे गाणं लागलं की मी सायकल थांबवून हाटेलासमोर उभा राह्यचो.” दुसऱ्याने नुसते डोळे पुसले.

मी पदर कानावरून ओढून घेतला. त्या गाण्यांचा शब्द न् शब्द मला पाठ आहे, मधले बासरीचे तुकडेसुद्धा. पण चौतीस वर्षांत त्यातलं एकही गाणं मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. लग्नात, दुकानात, कुठेही लागलं की मी उठून जाते. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

शाळेतलं काम दीडच्या आतच झालं. बाहेर ऊन असं पेटलं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जीप मिळेपर्यंत कुठे बसावं म्हणून सावली शोधत होते, तेवढ्यात मागून हाक आली.

“उषाबाजी?”

वळून पाहिलं. पांढरी दाढी, गळ्यात मापाची टेप. ओळखू येईना.

“वळखलं न्हाई ना? अतिक. रुखसारचा भाऊ.”

मी त्याला पाहिलं होतं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, मला बाजी, म्हणजे ताई म्हणायचा.

“बरं झालं आज आलात,” तो माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाला. “तुमचा नंबर शोधून राह्यलो दोन महिन्यापासून. अम्मी लई थकली. डोळे तर गेलेच. पन् तुमची याद काढती. चला, पाच मिनिट बसा.”

मी त्याच्या मागून चालायला लागले.

तुम्हाला आता पहिल्यापासून सांगायला हवं.

रुखसार आणि मी दहावीला एका बाकावर. तिचे अब्बा, कमरोद्दीनचाचा, शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांची मशीन, मशीनवर फळी आणि फळीवर रेडिओ. सकाळची शाळा सुटली की मी जेवून तिच्याकडे पळायची. रोज दुपारी अडीचला फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा. आम्ही आतल्या खोलीत, दाराच्या पडद्याआड, शेंगा फोडत ऐकायचो. चाचा पाय मारता मारता मशीन हळू करायचे, म्हणजे आम्हाला ऐकू यावं. रुखसारचा गळा असा होता की गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी ती ते मला जसंच्या तसं म्हणून दाखवायची.

आम्ही पोस्टकार्डं पाठवायचो. तिचं अक्षर वाईट, म्हणून लिहायची मी. आमची दोनच नावं कमी वाटायची, म्हणून खोटी नावं घालायचो. गुड्डी, शब्बो, पिंकी, छोटा राजा. ही माणसं हसनाबादेत कुठेच नव्हती. आणि एखाद्या दुपारी निवेदिका त्या स्वच्छ, गोड आवाजात म्हणायची, “हसनाबाद से रुखसार, उषा, गुड्डी, शब्बो, पिंकी और छोटा राजा...” आणि आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसत सुटायचो. सबंध देश आपलं नाव ऐकतोय असं वाटायचं. तेवढं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही. खरं सांगते. लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हा नाही.

आमच्या वर्गात अकिब नावाचा मुलगा होता. मला तो आवडायचा. हे मी रुखसारलाही बोलले नव्हते. जानेवारीत एकदा तो मला पाण्याच्या टाकीपाशी थांबवून म्हणाला, “एक विचारू का? रुखसारला कोनतं गानं आवडतं?”

एवढंच. याहून जास्त काही झालं नाही.

मी घरी गेले आणि पोस्टकार्ड लिहिलं. गाव हसनाबाद, नाव रुखसार, आणि खाली, ‘ख़ास अकिब के लिए’. बसस्टँडजवळच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर लगेच हात आत घालून ते काढायचा प्रयत्नही केला होता. हात गेला नाही.

फेब्रुवारीत ते वाचलं गेलं. दुपारी अडीचला. चाचांसमोर तीन गिऱ्हाइकं बसली होती. मी आणि रुखसार पडद्याआड होतो. मशीन थांबली. चाचा ओरडले नाहीत. उठून त्यांनी रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणाले, दार लावलं आणि पडदा बाजूला करून विचारलं, “किसने लिख्या?”

रुखसारने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं, का गं? मग ती अब्बांकडे वळून म्हणाली, “मैं लिखी.”

मी तिथेच बसले होते. तोंड उघडलं नाही.

तिची शाळा दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. बोर्डाच्या परीक्षेला माझ्या पुढचा बाक रिकामा होता. मे महिन्यात तिचं लग्न लावलं, तिच्या दुप्पट वयाच्या माणसाशी, लांब परभणीच्याही पलीकडे. पुढच्या वर्षी बाळंतपणाला माहेरी आली आणि त्यातच गेली. बाळही गेलं. मी तेव्हा जालन्याला अकरावीत होते. निरोप आला होता. मी गेले नाही.

आता अतिकच्या मागून मी त्याच दारात उभी होते.

घर तसंच होतं. फक्त पुढच्या खोलीत आता विजेवर चालणारी मशीन होती. रेडिओ कुठे दिसला नाही. अतिकची बायको मुलांना घेऊन लग्नाला गेली होती. आतल्या खोलीत, आम्ही बसायचो त्याच जागी, बाजेवर रुखसारची अम्मी, खैरुनबी पडल्या होत्या. मुठीएवढा चेहरा झालेला. डोळ्यांवर पांढरा पडदा. खोलीत औषधी तेलाचा, जुन्या गोधडीचा वास, आणि त्याखाली भाजलेल्या शेंगांचा... मी इकडेतिकडे पाहिलं. शेंगा कुठेच नव्हत्या.

“अम्मी, उषाबाजी आली.”

त्या हलल्या नाहीत. अतिकने स्टूल पुढे केलं. “तुम्ही बसा, मी दूध घेऊन येतो. घरात चहालाबी थेंब न्हाई. आन् आडीच वाजले की ती बोलायला लागती. घाबरू नका.”

“काय बोलतात?”

“कोन जाने,” म्हणत तो गेला.

मी बसले. पंखा बंद पडला होता, वीज गेली होती. बाहेर एक कावळा ओरडला आणि मग तोही गप्प झाला. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते.

बरोबर अडीचला खैरुनबींचे ओठ उघडले.

“हसनाबाद से...”

तो त्यांचा आवाज नव्हता. खैरुनबींना धड हिंदी कधी आली नाही. तो स्वच्छ, गोड, तरुण आवाज होता. रेडिओतला.

“...रुखसार, उषा, गुड्डी, शब्बो, पिंकी और छोटा राजा...”

ही नावं आम्हा दोघींशिवाय कुणाच्या लक्षात नसतील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग त्या दात नसलेल्या तोंडातून बासरी निघाली. गुणगुणणं नव्हे हो... बासरीच. मागून तबला, मागून व्हायोलिनं. आणि ते गाणं. आम्हाला सगळ्यांत आवडायचं ते.

मी काय सांगू तुम्हाला? भीती वाटत होती, आणि तरीही मला ते ऐकायचं होतं. चौतीस वर्षांची तहान होती. मी रडत होते आणि माझे ओठ गाण्याबरोबर हलत होते.

कडवं संपलं. आवाज पुन्हा आला.

“हसनाबाद से ही एक और ख़त है। फ़र्माइश की है रुखसार ने... ख़ास अकिब के लिए...”

“नको,” मी म्हणाले.

“...मगर यह ख़त रुखसार ने नहीं लिखा...”

पुढच्या खोलीचं दार वाजलं असं मला वाटलं. अतिक आला, आता तो ऐकेल. मी उठले आणि खैरुनबींच्या तोंडावर हात दाबला. त्या म्हातारीच्या, त्या आंधळ्या बाईच्या तोंडावर... घट्ट. तळव्याखाली ओठ कागदासारखे कोरडे होते. ते हलत नव्हते.

आवाज चालूच राहिला.

“...यह ख़त लिखा है...”

आणि थांबला. खोलीत नुसती ती बारीक खरखर, दोन गाण्यांच्या मधली. कुणीतरी वाट पाहत असावं तशी. मी हात काढला. माझ्या बोटांचे वळ त्यांच्या गालावर उमटले होते. खरखर थांबेना. शेवटी मीच बोलले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

“उषाने,” मी म्हणाले. “मी लिहिलं.”

खरखर बंद झाली.

खैरुनबींनी मान माझ्याकडे वळवली. आता त्यांचा स्वतःचा आवाज होता, फाटका, दमलेला.

“मालूम है बेटी.”

“तुम्हाला... कधीपासून?”

“उसीने बोली. जचगी कू आई थी तब. बोली, अम्मी, उषा कू कुछ नक्को बोलना. उसकी परीक्षा है.”

मी त्यांचे पाय धरले. पाय बर्फासारखे होते, मे महिन्याच्या त्या उन्हात. म्हणाले, “चाची, मला शिव्या द्या. काहीतरी बोला. माफ करा.”

“माफी मेरे हात में नै,” त्या म्हणाल्या. मग माझं मनगट चाचपडत शोधलं आणि धरलं. “मैं थक गई. रोज पढ़ना पड़ता. तेरे चाचा थे तब वो पढ़ते थे, फिर मेरे पे आया. अब मेरे से नै होता...” त्यांनी माझा हात स्वतःच्या ओठांवरून उचलावा तसा माझ्याच ओठांवर नेऊन ठेवला. “अब तू पढ़.”

अतिक दूध घेऊन आला तेव्हा त्या झोपल्या होत्या.

“बोलली का आज?” त्याने विचारलं.

“तू... तुला नाही ऐकू येत?”

“नुसते व्हट हालतात तिचे. आवाज कधीच न्हाई. अब्बाचंबी शेवटी तसंच झाल्तं. अम्मीच्या व्हटावरून वाटायचं तुमचं नाव घेती, म्हनून तर तुम्हाला शोधून राह्यलो.” मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाजी, तुमचा चेहरा असा का झाला?”

मी त्याला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो चहाचं आधण ठेवायला वळला, आणि मी पुन्हा एकदा गप्प बसले.

त्याच रात्री खैरुनबी गेल्या. अतिकचा फोन आला तेव्हा मी रडले नाही. मी मातीला गेले नाही.

त्यानंतर दुपारी जेवण झालं की मला झापड यायला लागली. येते ती येतेच, बसल्या जागी. जाग येते तेव्हा घड्याळात तीन वाजलेले असतात आणि घसा सुकलेला असतो. आठ दिवस ह्यांनी पाहिलं. मग एकदा म्हणाले, “झोपेत ओठ काय हलवतेस गं? काही म्हणतेस का?”

मी म्हणाले, “आवाज येतो का?”

“छे. आवाज कुठला?”

मला बरं वाटलं. आवाज फक्त त्यालाच येतो ज्याने काही लपवलेलं असतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आमचे हे साधे आहेत. गिरणीत तीस वर्षं काम केलं, कुणाचं वाईट केलं नाही.

मागच्या आठवड्यात मी जागी झाले तेव्हा हे माझ्या समोर, भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरा पांढराफटक. हातातलं वर्तमानपत्र खाली पडलेलं.

“काय झालं?” मी विचारलं.

वाकून वर्तमानपत्र उचलत म्हणाले, “तू एक नाव घेतलंस.”

“कुणाचं?”

ते तसेच बाहेर गेले. अंगणातून त्यांनी पुण्याला तृप्तीला फोन लावला. आमची मुलगी, एकुलती एक. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. जेवलीस का विचारलं. काही नाही, सहज केला म्हणाले. तिने फोन ठेवल्यावरही तो कानाशीच धरून बसले होते. म्हणजे ह्यांनीही काहीतरी लपवलंय, आणि ते तृप्तीशी जोडलेलं आहे, एवढं मला कळलं.

आता रोज दुपारी मला जाग आली की ते तिला फोन करतात. रोज. आणि ती उचलेपर्यंत माझ्याकडे बघत नाहीत.